हेमलेखा बंद

गेल्या महिन्यात अकोल्याला एका लग्नाला गेले होते. मुहूर्त सकाळचा होता, पंगती एकपर्यंत आटोपल्या आणि अमरावतीच्या बसला अजून तीन तास होते. रिकामे तास मला सोसत नाहीत. छत्री उघडली आणि कापूस पिंजणाऱ्या जुन्या जिनांच्या रस्त्याने चालत निघाले. जिथे आमचं थिएटर होतं तिथे आता ट्रकच्या टायरांचं गुदाम आहे. फाटकातून तापलेल्या रबराचा वास येत होता. आत एक माणूस चाकावरून टायर सोडवण्यासाठी त्यावर घण घालत होता. घण पडला की धप्प आवाज होई आणि घण उसळून पुन्हा वर जाई. मी फाटकाशी उभी राहून सात-आठ घाव ऐकले. मग मला तिथल्या दगडावर बसावं लागलं. त्या माणसाने घण ठेवला, पेल्यातून पाणी आणून दिलं आणि विचारलं, "ऊन लागलं काय आजी?"

ऊन लागलं नव्हतं. तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता, आणि तेव्हा घावाखाली टायर नव्हता.

संजू, मीनू, तुम्ही पत्रांतून विचारता की आजी, तुझ्या लहानपणी करमणूक काय होती. मी दर वेळी हुरडा लिहिते, भुलाबाईची गाणी लिहिते, संत्र्यांच्या बागा लिहिते. ते सगळं खरं आहे. पण एक गोष्ट मी प्रत्येक पत्रातून वगळत आले. आज ती लिहिते. आईकडून वाचून घ्या, आणि तिला मधलं काही गाळू देऊ नका.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. शाळेत त्याचा नकाशा काढावा लागे आणि माझ्या नकाशाची सीमारेषा कधीच वाकडी जात नसे. पण खरा वऱ्हाड आम्हाला कळे तो नाकाने. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग लागे. शेणाचा वास, सरकीचा वास, जिनांच्या इंजिनांच्या तेलाचा वास, असे एकावर एक थर बसत. हवेत इतके तंतू उडत की आई दुधावर झाकण आणि झाकणावर पुन्हा फडकं घाली. बाबा वकील होते. कोर्टातून परत येत तेव्हा त्यांचा काळा कोट करडा झालेला असे. पहाटेचा भोंगा झाला की गल्लीतली सगळी माणसं एकदम खोकत. याच दिवसांत गाव माणसांनी फुगलेलं असे, म्हणून नाटक कंपन्याही याच दिवसांत उतरत.

थिएटर म्हणजे वर पत्रे, बाजूंना बांबूच्या तट्ट्या. पुढे खुर्च्या, मग बाकडी, मग सतरंज्या, सगळ्यांत मागे उघडी माती. बायकांची जागा डावीकडे, चटयांच्या आडोशामागे. रविवारचा खेळ दुपारी असे, आणि आम्हा मुलींना त्यालाच नेत. तट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत शिरत आणि रंगमंचावरच्या राण्यांच्या अंगावर आडव्या पडत. कार्बाईडच्या दिव्यांचा कुजका वास, खोबरेल तेलाचा वास, रंगाचा वास. पडदा वर जाताना कप्पी कुरकुरे. त्या कुरकुरीसरशी मी चटईच्या फटीला डोळा लावी.

त्या वर्षीचं नाटक होतं 'संगीत हेमलेखा'. हेमलेखा ही राजाने टाकलेली राणी. तिसऱ्या अंकात ती महालाच्या मिटलेल्या दारासमोर उभी राहते आणि गाते. बाकीचं कथानक मला नीट आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला ते नकोच असे. दारासमोरचं पद हवं असे. हेमलेखेचं काम दिगंबर नावाचा तरुण करी. तो पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिसऱ्या अंकात ते कुणालाच आठवत नसे. गावाने त्याचं नाव टाकून दिलं होतं. जिनांत, बाजारात, कोर्टाच्या ओट्यावर सगळे त्याला "लेखा" म्हणत. "आमची लेखा."

त्या पदाला वन्स मोअर पडला नाही असा प्रयोग झाला नाही. वन्स मोअर म्हणजे टाळ्या असं समजू नका. लोक खुर्च्या आपटत. काठ्या जमिनीवर हाणत. किसन हमाल म्हणून जिनातला एक धिप्पाड माणूस होता. तिसरा वन्स मोअर मिळाला नाही म्हणून त्याने एकदा समोरचं बाकडं उचलून मोडलं, आणि मग त्याच्याच तुकड्यावर बसून उपरण्याने डोळे पुसले. काही मंडळी मूर्तिजापूरहून रेल्वेने येत. लेखाने पद म्हणताना तोंड कुणाच्या बाजूला केलं होतं, यावरून त्यांची आणि अकोल्याच्या लोकांची स्टेशनावर मारामारी झाली. एकाचा पुढचा दात पडला. त्याने तो दात कागदात बांधून दिगंबराला भेट म्हणून पाठवला.

"ही कसली रसिकता!" आई म्हणाली. आई पुण्याची. "आमच्याकडे लोक नुसती मान हलवतात."

"म्हणून तिकडच्या नटांना आपण आवडलो की नाही ते कळत नाही," बाबा म्हणाले.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा होता. सुपडाजी माळी. बाविशीचा असेल. अकोट रस्त्याला नाक्याच्या पलीकडे त्याचा मळा होता आणि आमच्याकडे देवाची फुलं तोच आणी. प्रत्येक खेळाला तो लेखासाठी शेवंतीची वेणी स्वतः गुंफून नेई. ती वेणी अंबाड्यावर चढल्याशिवाय लेखा रंगमंचावर येत नसे असं म्हणत. खेळ सुरू झाला की सुपडाजी मागच्या खांबाला टेकून उभा राही आणि डोळे मिटून घेई. आईने त्याला एकदा विचारलं, "अहो, डोळे मिटून कसलं नाटक पाहता?"

"पाहाले बाकीचे हायेत ना बाई," तो म्हणाला. "म्या आयकाले येतो."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला दोन भाषा येत. फाटकाबाहेर मी "मले दे" आणि "कावून बे?" म्हणत असे, सगळ्या मुलांसारखी. फाटकाच्या आत ते चालत नसे. तोंडातून चुकून "मले" निघालं की आई पाटीवर वीस वेळा "मला" लिहून घेई. अकराव्या वर्षी मला त्या शुद्ध भाषेचा गर्व होता. वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी तीच बोले. भीती वाटली की मी तीच बोले.

एका गुरुवारी दारासमोरच्या पदात, वरच्या जागेवर, लेखाचा आवाज फुटला. मी तिथे नव्हते. बाबा होते. ते म्हणाले की फाटलेलं कापड आणखी फाटत जावं तसं ते झालं आणि मग काहीच आलं नाही, नुसते ओठ हलत राहिले. पडदा पडला. लोकांना वाटलं, नखरा. शुक्रवारी पहाटे कंपनीचे मॅनेजर मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात आले. त्यांच्याबरोबर घोंगडीत गुंडाळलेला एक सडपातळ मुलगा होता. भुवया कोरलेल्या, गालांवर कालच्या रंगाचा लाल डाग. मी त्याला हळद घालून दूध दिलं. त्याने घोट घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मग त्याने माझी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "दूध फार गरम आहे." त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. मला फार आश्चर्य वाटलं.

त्याला बंद दमणीतून, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीतून, अकोटला बाबांच्या स्नेह्यांकडे नेलं. ते वैद्य होते. गळा का गेला, कशाने गेला, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि पुढेही कळलं नाही. मॅनेजर बाबांना एवढंच म्हणत होते, "हे बाहेर फुटता कामा नये, वकीलसाहेब. गळा गेला असं एकदा गावांत झालं की संपलं. मुलगाही संपला आणि आम्हीही संपलो." बाबांनी आम्हाला सगळ्यांना ओळीने उभं करून सांगितलं, "कुणी विचारलं तर आपल्याला काही ठाऊक नाही."

रविवारी दुपारी लोक खेळाला आले. मूर्तिजापूरची गाडी आली. अकोटकडून, पातुराकडून दमण्या आल्या. महिनाभर मुक्काम म्हणून कंपनीने जाहीर केलं होतं, आणि अजून दोन आठवडेही झाले नव्हते. थिएटरच्या दाराला साखळी होती आणि वर एक काळी पाटी. पाटीवर खडूने दोनच शब्द होते: हेमलेखा बंद.

आमच्या घरापासून थिएटर तीन गल्ल्या लांब. आधी मला वाटलं पाऊस आला, थंडीत गारांचा पाऊस. पत्र्यांवर दगड पडत होते. एक, मग चार, मग इतके की वेगवेगळे ऐकू येईनात. नुसता एक लांबलचक कडकडाट. गोदाबाई, आमच्याकडे स्वयंपाकाला येत त्या, हातातलं लाटणं तसंच धरून गच्चीवर आल्या. "फोडून रायले वो बाई," त्या म्हणाल्या. तट्ट्या चिरण्याचा आवाज आला. मग एक आवाज आला तो मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला नाही. त्यांनी ऑर्गन बाहेर ओढला होता आणि त्यावर चढून नाचत होते. भाता फुटेपर्यंत तो किंचाळत होता, सगळे सूर एकदम, जनावर कापताना ओरडतं तसा. मग धूर दिसला. रंगाचा, कापडाचा, केसांच्या टोपांचा धूर. केस जळल्याचा वास तीन गल्ल्या ओलांडून आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसला.

बाबा कोतवालीकडे धावले होते. आईने सगळ्या दारांना अडसर घातले. तेवढ्यात कुणीतरी लोकांना सांगितलं की मॅनेजर शुक्रवारी वकिलाच्या घरात शिरताना दिसले, आणि गर्दी आमच्या गल्लीत आली.

मी गच्चीवरून खाली माडीच्या गॅलरीत आले होते. सगळ्यांत पुढे किसन हमाल. खांद्यावर पडद्याचा फाटलेला तुकडा, त्यावर रंगवलेला अर्धा मोर. कपाळ फुटलेलं, रक्त भुवईवर वाळलेलं.

"ए पोरी! वकील कोठी हाये?"

"घरी नाहीत," मी म्हटलं.

"लेखा कोठी लपवली तुमी?"

"बेबी, आत ये!" आई आतून ओरडली. "एक अक्षर बोलू नकोस!"

"सांग ना बाप्पा," किसन म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता. "आमी काई खाऊन नाई टाकत त्याले."

"खाऊनच टाकतो!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. हसता हसताच एक दगड आला आणि माझ्या डोक्यावरची काच फुटली. काचेचे तुकडे माझ्या वेणीत अडकले.

मला वाटलं, तो इथे नाही हे कळलं की ते घरी जातील. मला खरं बोलायला शिकवलं होतं. मी हात मागे बांधले, स्पर्धेत उभी राहते तशी उभी राहिले आणि माझ्या सर्वांत शुद्ध भाषेत म्हणाले, "ते इथे नाहीत. ते अकोटला जाऊन राहिले आहेत."

पुढचे मागच्यांकडे वळले.

"काय मने?"

"अकोटले जाऊन रायले मनते!"

"आत्ता?"

"मंग काय! जाऊन रायले! चाला बे, नाक्यावर धरू!"

आणि गल्ली रिकामी झाली. चपला, टोप्या, काठ्या आवाज करत अकोट रस्त्याकडे पळाल्या. मी खरं बोलले होते आणि ते गेले होते. मला स्वतःचा अभिमान वाटला. मग गोदाबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बाई माय! काय बोलली तू हे? थो गेला का जाऊन रायला?"

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. माझ्या आईच्या भाषेत "जाऊन राहिले" म्हणजे गेले आणि तिथे मुक्कामाला आहेत. वऱ्हाडात "जाऊन राहिले" म्हणजे आत्ता, या क्षणी, वाटेवर आहेत. मला दोन्ही येत होतं. त्या माणसांना एकच येत होतं. मी रोजच्यासारखं "परवाच गेले, थंच हायेत" म्हटलं असतं तर पळायला कारण उरलं नसतं.

मी धावत पुन्हा गच्चीवर गेले. तिथून नाका दिसे. नाक्याच्या थोडं अलीकडे एक बैलगाडी मळ्याकडे चालली होती. गाडी सुपडाजीची होती. पुढे शेवंतीच्या पाट्या, मागे ओल्या गोणपाटाखाली काहीतरी लांबट झाकलेलं. गोणपाटाच्या कडेने जरीचा गुलाबी पदर लोंबत होता.

ते काय होतं हे मला नंतर कळलं. थिएटर पेटलं तेव्हा सुपडाजी मागच्या तट्टीतून आत शिरला होता आणि लेखाचा तिसऱ्या अंकातला शालू, तो चढवून ठेवलेल्या लाकडी चौकटीसकट, उचलून घेऊन आला होता. त्याला तो जळू द्यायचा नव्हता. पण गर्दीला दिसलं ते एवढंच: लेखाचा फूलवाला, अकोटचा रस्ता, आणि गोणपाटाखाली शालू नेसून आडवं झालेलं कुणीतरी.

त्यांनी बैल धरले. सुपडाजी काहीतरी ओरडला. मग तो त्या गोणपाटावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून राहिला. ते पाहून त्यांची खात्रीच झाली. काठ्या वर गेल्या. धप्प. धप्प. लांबून माणसाचा आवाज येत नव्हता, फक्त काठीचा येत होता, आणि काठी दिसायची आधी, आवाज पोचायचा नंतर. पाट्या उलटल्या. रस्ता पिवळा झाला. कुणीतरी त्याला केसांनी धरून खाली ओढलं आणि तो पडलेला असताना डोक्यावर, कानांवर लाथा घातल्या. मी मोजत होते. का मोजत होते ते मला माहीत नाही. मी घाबरले की मोजते. एकतीसपर्यंत मोजलं.

मग किसनने गोणपाट ओढलं. शालू आणि चौकट. आत कुणी नव्हतं. तो शालू हातांत घेऊन तसाच उभा राहिला, आणि सगळेच उभे राहिले. तेवढ्यात कोतवालीचे शिपाई आले आणि त्यांनी उभ्या असलेल्यांना झोडपलं, पळणाऱ्यांना झोडपलं, आणि रस्त्यात पडला होता त्यालाही दोन घातल्या.

बाबा घरी आले तेव्हा गोदाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. उजव्या कानाखाली. दोन दिवस त्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. ती थांबली तेव्हा मला वाईट वाटलं, कारण तोपर्यंत गोदाबाईंनी बातमी आणली होती की सुपडाजी वाचला, पण त्याला ऐकू येत नाही.

त्यानंतरचे महिने मला ऋतूंनी आठवत नाहीत. देवाची फुलं दुसरा माळी आणू लागला, निशिगंध, ज्याचा वास मला आजही सोसत नाही. थिएटरच्या जागी राख होती. शाळेच्या वाटेवर त्या राखेत मुलं खिळे आणि कप्प्या शोधत. कंपनी कुठे गेली कळलं नाही. अकोटहून वैद्यांचं पत्र आलं की मुलगा बरा आहे, बोलू लागला आहे, पण गाणार नाही. बाबांनी ते वाचून चुलीत घातलं. त्या रविवारबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आईने "मले" म्हटल्याबद्दल मला वीस वेळा लिहायला लावणं सोडून दिलं, एवढाच फरक पडला.

मी शिकले, अमरावतीला आले, तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. चालू वर्तमानकाळाचा धडा दरवर्षी येई. ही इज गोइंग. तो जात आहे. मागच्या बाकावरून एखादी दर्यापूरची मुलगी हमखास म्हणे, "बाई, थो जाऊन रायला!" वर्ग हसे. मी फळ्याकडे वळून तारीख पुन्हा लिहीत असे.

अकोल्याला मी कितीतरी वेळा गेले. सुपडाजी जिवंत आहे हे मला माहीत होतं. दर वेळी बसची वेळ झालेली असे.

या वेळी टायरवाल्याचं पाणी पिऊन उठले आणि विचारत विचारत गेले. बाजारातल्या देवळाच्या भिंतीला लागून फुलांचं दुकान. चार फळ्या आणि वर एक ताडपत्री. त्याची सून हार करत होती. तो मागे पोत्यावर बसून शेवंतीच्या काड्या खुडत होता. पाठीला बाक आलेला, एक कान कोबीच्या पानासारखा मुडपलेला.

"थ्यो बुढा मालकच हाये," सून म्हणाली. "पन त्याईले आयकू येत नाई. काय पायजे, मले सांगा."

"त्यांच्याशीच बोलायचंय."

"मंग ओरडा. डाव्या कानात जरासं जाते. लय जोरानं ओरडा लागते."

मुलांनो, पन्नासच्या वर वर्षं मी तीन वाक्यं तयार करून ठेवली होती. नीट, सावकाश, हळू आवाजात बोलण्याची वाक्यं. त्यांतलं एकही ओरडण्यासारखं नव्हतं. मी त्याच्याजवळ वाकले. त्याने मान वर केली. "शेवंती देऊ का गुलाब?"

"मी वकिलांची मुलगी!" मी ओरडले.

"कोनाची?"

"वकिलांची! गॅलरीतली! मीच सांगितलं होतं लोकांना! त्या दिवशी! अकोट म्हणून!"

शेजारच्या नारळवाल्याचा कोयता वर थांबला. देवळातून बाहेर येणाऱ्या दोन बायका पायरीवर थांबल्या. मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेतली निवृत्त बाई, अकोल्याच्या बाजारात, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, आणि त्याने कानामागे हात धरून पुन्हा विचारलं, "काय?"

सून उठली आणि त्याच्या कानाला तोंड लावून ओरडली, "आबाजी! ह्या बाई मनतेत, त्याईनंच सांगतलं होतं, लेखा अकोटले जाऊन रायली मनून!"

"हो तं," तो म्हणाला. "मले मालूम हाये. किसन रडत आला होता ना मंग, त्यानंच सांगतलं. वकिलाच्या पोरीनं सांगतलं मने." त्याने एक काडी खुडली. "लायन्या होत्या तुमी. काचा फुटल्या होत्या तुमच्या."

तो थोडा पुढे सरकला.

"मंग होता का थो खरंच अकोटात?"

मी होकाराची मान हलवली.

"गायला थंतं?"

त्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की मी खोटं बोलले. "हो!" मी ओरडले. "गायले!"

हे त्याला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. मांडीवरची फुलांची टोपली त्याने अशी भिरकावली की फुलं माझ्या छातीवर आणि रस्त्यावर उडाली. "अकोटवाल्यायसाठी गायला? अन् आमाले बंदची पाटी? समदं गाव शिव्या देत होतं त्याले, म्या भांडलो लोकायसंगं. काही असंन मनलं, मजबुरी असंन! अन् थो गायला!" तो उठायला लागला. सुनेने त्याला दंडाला धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून पळावंसं वाटलं.

"नाही!" मी ओरडले. "खोटं बोलले! नाही गायले! गळा गेला होता त्यांचा! आवाजच गेला होता! आमच्या स्वयंपाकघरात होते, एक शब्द बोलता येत नव्हता! पुन्हा कधी गायलेच नाहीत!"

सुनेला काही सांगावं लागलं नाही. माझा हात माझ्याच गळ्यावर गेला होता, आणि तो त्या हाताकडे पाहत होता. तो हळूहळू पोत्यावर बसला. नारळवाला पुन्हा नारळ फोडू लागला. मग सुपडाजीने विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"हो."

"वकीलसायबाले?"

"हो."

त्याने खाली पडलेल्या शेवंत्या एक एक उचलून मांडीवर घेतल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

"गळा गेला मनून कोनी गोटे मारते काय, बाई?" तो म्हणाला. "पाटीवर येवढं लिवलं असतं तं आमी समदे थंच मातीत बसून रडलो असतो. किसनबी."